पडद्यावरचा फुटबॉल आणि आपली जबान

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. पुढे तीस वर्षांनी, २२ जून १९८६ रोजी, मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडच्या एकामागून एक खेळाडूंना चकवत गोल केला. हा गोल आज आपल्या मोहल्ल्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. नेव्हिलचे नाव मात्र त्याच्या बापालाही ठाऊक नसते.

मॅराडोनाच्या गोलाबरोबर एक आवाजही जगभर फिरला. विक्तोर उगो मोरालेस या उरुग्वेत जन्मलेल्या समालोचकाने अर्जेंटिनाच्या श्रोत्यांसाठी तो गोल स्पॅनिशमध्ये सांगितला. सांगता सांगता तो रडला, त्याने देवाचे आभार मानले. नेव्हिलच्या गोलांना आपल्या स्मरणात असा आवाज नाही. समालोचन म्हणजे खेळाला लावलेली फोडणी, असे आपण समजतो. खरे तर ते खेळाचे तोंडी लिहिलेले पहिले इतिहासलेखन असते.

आपल्याकडे या विद्येची सुरुवात मोठ्या झोकात झाली होती. १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि मुस्लिम संघांत झालेल्या चौरंगी क्रिकेट सामन्याचे ए. एफ. एस. तल्यारखान यांनी रेडिओवरून समालोचन केले. हे गृहस्थ दिवसभर एकट्याने बोलत. पुढे माईक इतरांबरोबर वाटून घेण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तो सोडणे पसंत केले. पण ती भाषा इंग्रजी होती. मराठी श्रोत्याला क्रिकेट त्याच्या भाषेत समजावले ते आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी. पंडित स्वतः रणजी सामने खेळलेले होते. षटक, धावफलक, पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक हे शब्द नुसते कोशात राहिले असते तर मेले असते. वर्तमानपत्रांनी ते छापले, रेडिओने ते घरोघरी नेले आणि शेतात ट्रान्झिस्टर घेऊन बसलेल्या माणसाच्या तोंडी ते रुळले.

फुटबॉलला हे भाग्य लाभले नाही, आणि मैदान गाजत नव्हते म्हणून लाभले नाही असे मुळीच नाही. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. सुरुवातीला तो गोऱ्या पलटणींचा होता. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि १९३८ साली पुन्हा जिंकला. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो नेला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलिसांकडे राहिला.

त्या पोलीस संघाचे उस्ताद सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. हैदराबादच्या शाळांत शिकवणारा हा माणूस खेळाडूंना दोन्ही पायांनी खेळायला लावी. चेंडू पायाशी घोळवत न ठेवता पुढे देण्याची सवय लागावी म्हणून त्यांनी खास स्पर्धा भरवल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्ण जिंकले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले तेव्हा पी. के. बॅनर्जी यांनी एक गोल केला आणि डोक्याला जखम असताना जर्नेलसिंग यांनी दुसरा. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेबांचा इंतकाल झाला.

दूरदर्शन मुंबईत आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे आपल्या फुटबॉलचे सोनेरी दिवस सरल्यावर दहा वर्षांनी घरात पडदा आला. १९८६ साली रात्री जागून लोकांनी विश्वचषक पाहिला तो परक्यांचा खेळ म्हणूनच. १९९० च्या दशकात केबल आली आणि इंग्लिश लीगचे सामने सिंगापूरच्या स्टुडिओतल्या चर्चेसह दिसू लागले. या चर्चेत सगळेच वाईट नव्हते. मलेशियाचे माजी बचावपटू शेबी सिंग बोलत तेव्हा बचावफळी कुठे फुटली हे समजत असे. आपल्याकडे नोवी कपाडिया होते. दिल्लीच्या खालसा महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा हा प्राध्यापक भारतीय फुटबॉलचा चालताबोलता कोश होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते गेले. एखाद्या नवख्या खेळाडूचे नाव आले की तो कोणत्या मैदानातून आला, हे ते सांगत. चांगल्या समालोचकाची हीच खूण. जे दिसते ते तो पुन्हा सांगत बसत नाही. जे दिसत नाही ते तो सांगतो, आणि बाकीच्या वेळी गप्प राहतो.

अलीकडचे बरेचसे समालोचन या कसोटीला उतरत नाही. चेंडू डावीकडे गेला हे डोळ्यांना दिसतच असते. तो का गेला, हे कोणी सांगत नाही. खेळाडूची किंमत सांगितली जाते, त्याची चाल सांगितली जात नाही. आवाज चढवला म्हणजे रंगत आली, असा समज दिसतो.

भाषेचे दुखणे त्याहून खोल आहे. २०१८ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध रोनाल्डोने फ्री किकवर गोल केला तेव्हा शैजू दामोदरन यांचे मल्याळम समालोचन देशभर ऐकले गेले. ज्यांना मल्याळम येत नाही त्यांनीही ते ऐकले. २०२२ च्या विश्वचषकाचे समालोचन मोबाईलवर इंग्रजी, हिंदी, मल्याळम, तमिळ आणि बंगालीत होते, मराठीत नव्हते. २०२३ साली आयपीएल क्रिकेटसाठी मात्र मराठी समालोचन आले. म्हणजे मराठीला प्रेक्षक आहे, हे बाजाराला ठाऊक आहे.

मराठीत फुटबॉल नाही, असे तर कोल्हापुरात जाऊन कोणी म्हणू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असले की पेठाच्या पेठा लोटतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. तिथल्या प्रेक्षकांत बसले की अस्सल मराठीतले विश्लेषण फुकट ऐकायला मिळते.

याचा विचार आपण दुहेरी नात्याने करायला हवा. बंगलोर मुस्लिम्स, मोहमेडन स्पोर्टिंग, रहीमसाहेब ही आपली विरासत आहे, पण ती एका जमातीची बढाई म्हणून सांगायची नाही. जाकार्ताच्या संघात जर्नेलसिंग, युसूफ खान, थंगराज, चुनी गोस्वामी आणि फ्रँको एकत्र होते. ती देशाची कहाणी आहे आणि त्या कहाणीत आपण आहोत. सांगणारा नसला की आधी अशीच नावे गळतात. रहीमसाहेबांवरचा 'मैदान' हा चित्रपट येण्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले.

उर्दू शाळेत शिकवताना रोज दिसते की आमची मुले घरी दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी बोलतात. तीन जबानी तोंडात असलेल्या मुलाइतका समालोचनाला लायक कोण? आमचे नगर छावणीचे गाव आहे. चेंडूला लाथ मारायला इथे कोणाला शिकवावे लागत नाही. शाळाशाळांच्या सामन्यांत एका विद्यार्थ्याच्या हाती माईक द्यावा, त्याला नियम आणि दोन्ही संघांची माहिती आधी वाचायला लावावी, आणि अर्धा सामना मराठीत, अर्धा उर्दूत बोलू द्यावे. सुरुवातीला तो ओरडेल, अडखळेल. पाचव्या सामन्यात तो चेंडूपलीकडचे पाहायला शिकेल.