गाठीचं नाव

मी वैद्यकाचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा इतिहास सांगताना माझा प्रश्न एवढाच आहे की रोगाला दिलेलं नाव बरोबर आहे, हे कशावरून ठरतं?

गाठी आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहेत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. मानेभोवती गाठींची माळ झाली की ती गंडमाळा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचाच आहे. अर्बुद पिकत नाही, हा फरकही तिथे नोंदवलाय. म्हणजे वर्गीकरण होतं, पण ते डोळ्यांनी आणि बोटांनी केलेलं. गाठीच्या आत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

1832 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले थॉमस हॉजकिन यांनी सात रुग्णांची हकीकत मांडली. ग्रंथी आणि प्लीहा वाढलेली. हा दुसऱ्या कुठल्या दाहाचा परिणाम नसून ग्रंथींचाच मूळ आजार असावा, असं त्यांचं म्हणणं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे त्याच रुग्णालयातल्या सॅम्युअल विल्क्स यांना असेच रुग्ण आढळले. आपल्या आधी हॉजकिन यांनी हे पाहिलंय हे कळल्यावर त्यांनी 1865 साली मोठ्या मनाने त्याला 'हॉजकिनचा आजार' म्हटलं.

आता गंमत पाहा. हॉजकिन यांच्या रुग्णांपैकी तिघांचे जतन केलेले अवयव 1926 साली सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. त्यांतल्या दोघांनाच तो आजार होता! आपले नैयायिक याला अतिव्याप्ती म्हणतील. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं की म्हैसही त्यात येते. तसं 'ग्रंथी वाढतात तो हा आजार' म्हटलं की निरनिराळे रोग एका नावाखाली जमा होतात.

सूक्ष्मदर्शकाने लक्षण घट्ट केलं. 1898 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी या गाठींतल्या मोठाल्या पेशींचं वर्णन केलं, पण हा क्षयाचाच एक प्रकार आहे असं त्यांना वाटलं. 1902 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या डोरोथी रीड यांनी त्या पेशी नेमक्या रेखाटल्या आणि ठामपणे सांगितलं, हा क्षय नव्हे. आज त्या पेशींना दोघांचंही नाव आहे, आणि रीड यांचं आधी घेतात.

मग उरलेल्यांचं काय? त्यांना नाव मिळालं 'नॉन-हॉजकिन'. घट नाही एवढं सांगितल्याने पट कळत नाही, पण डझनावारी वेगवेगळे रोग या 'नाही'त कोंबले गेले. त्यांच्या वर्गीकरणाच्या सहा पद्धती जगात चालू होत्या. म्हणजे गाव बदललं की रोगाचं नाव बदलायचं! त्यांचा मेळ घालायचा प्रयत्न 1982 साली झाला. पुढे 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने पेशीच्या कुळावरून नावं दिली. हॉजकिनची मूळ पेशी लसिकापेशीच आहे हे तोवर सिद्ध झालं होतं. म्हणून 'आजार' जाऊन 'हॉजकिन लिम्फोमा' आला.

ही विद्या आपल्या जवळ आली ती परळला. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तिथली विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. वसई-विरारहून लोकल पकडून जे तिथे जातात, त्यांच्या हातातल्या रिपोर्टवरच्या दोन ओळींमागे असं जवळजवळ दोनशे वर्षांचं भांडण आहे.

आणि ते भांडण संपलेलं नाही. आपल्याकडे क्षय खूप, त्यामुळे मानेतली गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचाच येतो. बहुतेकदा तो खराही असतो. पण काही जण न तपासताच महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या घेतात आणि मागाहून कळतं, हा लिम्फोमा होता. स्टर्नबर्ग चुकले त्याला सव्वाशे वर्षं झाली. त्यांची चूक आपण आजही करतोय! हॉजकिन लिम्फोमा वेळेवर ओळखला तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात, म्हणून तर हे जास्त बोचतं.

तेव्हा घरात कुणाची गाठ काही आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "गाठ काढून तपासायची का?" नुसत्या सुईच्या तपासणीत पेशी दिसतात, त्यांची रचना दिसत नाही. लिम्फोमाचं नाव ठरतं ते या दोन्हींवरून. आणि नाव ठरल्याशिवाय औषध ठरत नाही.