मिठावर वसलेलं मोटारशहर

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराखाली, सुमारे ११०० फूट खोल, मिठाची खाण आहे. तिचा उभा बोगदा १९१०च्या सुमारास खणून पूर्ण झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१३मध्ये, याच शहराने वेढलेल्या हायलंड पार्कमध्ये हेन्री फोर्डने मोटारींची फिरती असेंब्ली लाइन सुरू केली. वर मोटारी, खाली मीठ. तेव्हा ते मीठ कातडी कमावायला आणि अन्न टिकवायला जायचं, मोटारींशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आला तीसेक वर्षांनी, आणि त्याची किंमत मोटारींची चाकं तोलून धरणाऱ्या भागांनी चुकवली.

लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. पाण्यात मीठ असलं की त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि तीच क्रिया खूप वेगाने होते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आपल्याकडे मालवण-रत्नागिरीत राहणाऱ्याला मात्र ते पाठ करावं लागत नाही. तिथे खिडकीचे गजच ते शिकवतात. कोकणात मीठ वाऱ्यावर येतं. उत्तर अमेरिकेत ते सरकारी ट्रक रस्त्यावर पसरतो.

१९३८मध्ये न्यू हॅम्पशर राज्याने बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग केला. १९४१-४२च्या हिवाळ्यात देशभरातल्या महामार्गांवर सुमारे ५००० टन मीठ पडलं. आज हा आकडा वर्षाला १ कोटी टनांच्या पुढे आहे. मधल्या काळात शहरं पसरली, लोक उपनगरांत राहायला गेले, आणि हिवाळ्यातही रस्ता काळाभोर दिसला पाहिजे ही अपेक्षा रूढ झाली. मिठाने घसरून होणारे अपघात कमी झाले, यात शंका नाही. पण त्याचा खर्च पालिकेच्या वहीत पूर्ण दिसत नव्हता. मोठा भाग प्रत्येक गाडीच्या पोटाखाली, थोडा थोडा करून, मालकाच्या खात्यावर चढत होता.

गंज रोखायचा कसा, हे माणसाला मोटारीच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. १८२४मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. (पण मग तांब्यावर शिंपले चिकटायला लागले, जहाजं मंदावली आणि आरमाराने तो नाद सोडला.) १८३७मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्या घरावरचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा हा त्याचाच वारसा.

तरीही मोटारींपर्यंत हे ज्ञान हळूहळू पोचलं, आणि जिथे नजर जाते तिथे आधी पोचलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डमधले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवण्याची पद्धत कारखान्यात आणली. अख्खी बॉडी टाकीत बुडवायची, वीज सोडायची, की रंग कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. १९७०च्या दशकात या पद्धतीतले ध्रुव उलटे केले गेले आणि गंजाला होणारा विरोध आणखी वाढला. त्याच दशकाच्या मध्यावर पोर्शेने ९११च्या बॉडीसाठी जस्त चढवलेला पत्रा वापरला, ऐंशीच्या दशकात ऑडीने तेच केलं. दारं आणि बॉनेट यांचं आयुष्य वाढलं.

सस्पेन्शनची गोष्ट वेगळी. हे भाग बॉडीबरोबर टाकीत जात नाहीत. ते वेगळे बनतात, वेगळे रंगवले जातात आणि नंतर बोल्टने बसवले जातात. चाकाने उडवलेला प्रत्येक खडा आधी त्यांच्यावर आदळतो. रंगाचा टवका उडाला की तिथे गंज सुरू. वितळलेल्या जस्तात बुडवावं, तर ते असतं सुमारे ४५० अंश सेल्सिअसला, आणि एवढ्या उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणीच उतरू शकतं. विजेने जस्त चढवताना हायड्रोजन आत शिरून कडक पोलाद ठिसूळ होण्याची भीती असते. म्हणून स्प्रिंगला फॉस्फेट आणि वर इपॉक्सीचा थर देतात. तो शाबूत आहे तोवर ठीक.

या भागांवरच्या तांबूस थराला 'वरवरचा गंज' म्हणतात. जाड ओतीव भागांवर तो वर्षानुवर्षं निरुपद्रवी राहतो, हे खरं आहे. पण पातळ पत्र्याच्या पोकळ कंट्रोल आर्ममध्ये ओला चिखल साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. स्प्रिंगवर गंजाने बारीकसा खड्डा पडला, की प्रत्येक हिसक्याला ताण तिथेच एकवटतो आणि एके दिवशी तिथूनच तडा जातो.

ही उणीव बाजाराने ओळखली. १९५९मध्ये डेट्रॉइटमध्येच कर्ट झीबार्ट या मेकॅनिकने गाडीच्या पोकळ भागांत संरक्षक द्रव्य फवारण्याचा धंदा सुरू केला. म्हणजे ज्या शहरात गाड्या बनत होत्या, तिथेच नवी गाडी घेतल्यावर ती टिकवण्यासाठी मालक वेगळे पैसे मोजू लागला.

कंपन्यांना किंमत मोजावी लागली ती प्रकरण चव्हाट्यावर आल्यावर. १९८०मध्ये ब्रिटनमध्ये लॅन्सिया बीटा गाडीची इंजिन पेलणारी सबफ्रेम गंजत असल्याचं वर्तमानपत्रांत गाजलं. कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. बदनामी पुसली गेली नाही, आणि १९९४मध्ये लॅन्सियाने ब्रिटनची बाजारपेठ सोडली. २००८मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० या काळातल्या टॅकोमा पिकअपपैकी चॅसी गंजलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घ्यायला सुरुवात केली.

मला यातलं सर्वांत बोलकं उदाहरण २०१०चं वाटतं. फोर्डने १९९८ ते २००३ मॉडेलच्या सुमारे पावणेसहा लाख विंडस्टार गाड्या परत बोलावल्या, कारण मागचा एक्सल गंजून तुटू शकत होता. पण हे बोलावणं देशभरातल्या सगळ्या गाड्यांसाठी नव्हतं. रस्त्यांवर मीठ पडणाऱ्या राज्यांपुरतंच होतं. गाडी तीच, एक्सल तोच. तो धोकादायक आहे की नाही, हे मालकाच्या पत्त्यावर ठरत होतं. १९३८ साली सुरू झालेल्या प्रयोगाची व्याप्ती त्या यादीतून नकाशासारखी दिसते.

उपाय मात्र साधे आहेत. हिवाळ्यात, किंवा आपल्याकडे पावसाळ्यात आणि किनाऱ्यावर, गाडी खालूनही धुवायची. ती पूर्ण सुकू द्यायची. सुटा गंज ब्रशने काढून मेण किंवा लॅनोलिनसारखं पसरणारं द्रव्य लावायचं. ओल्या गंजावर डांबरासारखा जाड थर फासला तर तो तडकतो आणि पाणी आतच कोंडतो. गाडी रॅम्पवर चढली की वंगण बदलेपर्यंत आपण बाहेर चहा प्यायला जातो. त्या वेळात आत थांबून मेकॅनिकला कंट्रोल आर्म आणि स्प्रिंग टॉर्च मारून दाखवायला सांगावं. नुसता तांबूस रंग दिसला तर घाबरायचं कारण नाही. पापुद्रे निघत असतील, तर तो भाग बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.