गॅरंड रायफल : चाप-यंत्रणा व दोषनिदान

अमेरिकेच्या भूसेनेने ९ जानेवारी १९३६ रोजी ‘एम १’ या नावाने स्वीकारलेली अर्धस्वयंचलित रायफल. मॅसॅचूसेट्‌स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील शासकीय शस्त्रशाळेत जॉन कँटियस गॅरंड (१८८८–१९७४) यांनी तिचा अभिकल्प सिद्ध केला. तिच्या क्लिपमध्ये ०·३० इंच (७·६२ मिमी.) व्यासाची आठ काडतुसे असतात. रिकामे टरफल बाहेर फेकणे व नवे काडतूस नळीत भरणे ही कामे स्फोटजन्य वायूच्या दाबाने आपोआप होतात. मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो.

हे बंधन चाप-यंत्रणा पाळते. गोळी सुटल्यावर मागे येणारा बोल्ट हातोडीला मागे दाबतो. त्या वेळी सैनिकाचे बोट चापावरच असल्याने हातोडी दुय्यम आकड्यात अडकते. बोट सैल होताच ती मुख्य आकड्यावर येऊन पुढील गोळीस सज्ज होते. आकड्यांच्या कडा झिजल्यास एकदा चाप ओढून दोन गोळ्या सुटण्याचा, तर स्प्रिंग दुर्बल झाल्यास हातोडीचा आघात अपुरा पडून काडतूस न पेटण्याचा संभव असतो. चापाभोवतीची कडी उघडताच ही सर्व यंत्रणा हत्यारांवाचून एकत्रच बाहेर निघते. त्यामुळे तिची सफाई व तपासणी रणक्षेत्रातही शक्य झाली.

तथापि चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर दोष चापाचाच असतो असे नाही. बोल्ट फिरून पूर्णपणे बंद झाला नसेल, तर आघात करणारी खीळ मागेच अडकून राहते व हातोडीचा आघात वाया जातो. अर्धवट बंद नळीत स्फोट होऊन सैनिकाला इजा होऊ नये, यासाठी ही योजना आहे. म्हणून रायफल सुरक्षित दिशेला धरून प्रथम रिकामी करणे, नंतर बोल्ट, नळी व काडतूस पाहणे आणि शेवटी चाप-यंत्रणा तपासणे, हा क्रम युक्त ठरतो.

या रायफलीच्या प्रारंभीच्या इतिहासातही दोषाचे मूळ पुष्कळदा अन्यत्र आढळले. १९३९ च्या सुमारास क्लिपमधील सातवे काडतूस अडकू लागले. उत्पादनाच्या सोयीसाठी केलेल्या बदलात काडतुसांना आधार देणाऱ्या कडेचा काही भाग कापला जात असल्याचे शोधान्ती दिसले. ती कड पूर्ववत करताच दोष नाहीसा झाला. नळीच्या तोंडाशी वायू अडविण्याची मूळ रचनाही समाधानकारक ठरली नाही. १९४० पासूनच्या उत्पादनात नळीला छिद्र पाडून वायू घेण्यात येऊ लागला. संततधार पावसात वंगण धुऊन जाऊन बोल्ट जड चाले. त्यावर पाण्यात न धुपणारे ग्रीज हा उपाय करण्यात आला.

या सुधारणा झाल्या त्या काळात अमेरिकेत या रायफलीच्या विश्वसनीयतेविषयी जाहीर वाद चालू होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन पायदळाचे मुख्य शस्त्र ठरली व त्या काळात तिचे ४० लाखांहून अधिक नग तयार झाले. १९५७ मध्ये तिची जागा घेण्यासाठी स्वीकारलेल्या एम १४ रायफलीत चाप-यंत्रणेची हीच मूलभूत रचना कायम ठेवण्यात आली.