गाभण सशिणीची साक्ष

नवं औषध पोटातल्या गर्भाला बाधतं का, हे आज सहसा दोन जातींच्या प्राण्यांवर पाहिलं जातं. एक उंदीर, दुसरा ससा. उंदीर का, हे उघड आहे: तो सहज पोसता येतो, तीन आठवड्यांत वितो आणि एका वेताला ढीगभर पिल्लं देतो. सशाला चाचणीत पक्की जागा मिळाली ती एका अनर्थानंतर.

वार ओलांडून विष गर्भापर्यंत पोचत नाही, असा वैद्यकात बराच काळ भरवसा होता. त्याला तडा देणारे पुरावे आधीपासून होते. १९३३ मध्ये टेक्ससच्या फ्रेड हेल यांनी 'अ' जीवनसत्त्व नसलेल्या चाऱ्यावर एक डुकरीण ठेवली. तिला झालेल्या अकराही पिल्लांना नेत्रगोलच नव्हते. १९४० च्या सुमारास सिनसिनाटीत जोसेफ वॉर्कनी यांनी माद्यांच्या आहारातली उणीव पिल्लांच्या हाडांत उमटलेली दाखवली. हे सगळं संशोधकांच्या वर्तुळातच राहिलं. औषध विकणाऱ्यांवर गर्भाची चाचणी करण्याची सक्ती नव्हती.

१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत ग्रूनेनथाल कंपनीचं थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेची निर्धोक गोळी म्हणून ते खपलं, आणि गर्भारपणातल्या मळमळीवरही बायका ते घेऊ लागल्या. मग खांद्यालाच पंजे फुटलेली बाळं जन्मू लागली. नोव्हेंबर १९६१ मध्ये हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंझ यांनी या गोळीवर बोट ठेवलं. सिडनीचे विल्यम मॅकब्राइडही त्याच निष्कर्षाला आले होते. महिना संपायच्या आत जर्मनीत विक्री थांबली. तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं बाधित झाली होती. घात होतो तो गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत, म्हणजे बाईला दिवस गेल्याची पुरती खात्रीही झालेली नसते तेव्हा.

आता प्राण्यांना विचारायची वेळ आली. गाभण उंदरांना थॅलिडोमाइड दिलं, तर हातापायांनी धड पिल्लं जन्मली. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये हे औषध विकणाऱ्या डिस्टिलर्स कंपनीच्या जॉर्ज सोमर्स यांनी ते न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशिणींना दिलं, तेव्हा पिल्लांचे पाय तसेच वेडेवाकडे निघाले. केवळ उंदरावर विसंबलं असतं तर हे औषध चाचणीतून सुखरूप सुटलं असतं. थॅलिडोमाइड शरीरातल्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, ते जपानी संशोधकांना २०१० मध्ये सापडलं. उंदरात त्याची घडण जराशी वेगळी असते.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचणीचे तीन भाग ठरवून दिले: समागमाआधीपासून प्रजननक्षमता, मग अवयव घडण्याचा काळ, शेवटी बाळंतपण आणि दूध पाजणं. पहिल्या भागात नरालाही आधीपासून औषध देतात, कारण शुक्रजंतू तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. भारतातल्या नियमांतही हीच तीन भागांची मांडणी उतरली.

मधल्या भागाचं काम बारकाईचं. सकाळी मादीच्या योनीस्रावात शुक्रजंतू दिसले की तो गर्भाचा शून्य दिवस. विण्याच्या एक-दोन दिवस आधी मादीला मारून पोट उघडतात. अंडाशयावरचे पिवळे पिंड मोजले की किती बीजं सुटली ते कळतं. गर्भाशयातल्या जागा मोजल्या की किती रुजली ते. गर्भाशय रिकामं वाटलं तर ते अमोनियम सल्फाइडच्या द्रावणात बुडवतात. सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि सुरुवातीलाच विरून गेलेल्या गर्भांच्या खुणा काळ्या ठिपक्यांसारख्या उमटतात. काही पिल्लांचं मांस पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पारदर्शक करून हाडं अ‍ॅलिझरीनने लाल रंगवतात. भिंगाखाली एकेक बरगडी, एकेक मणका मोजला जातो. जास्तीची बरगडी निघाली तर तीही नोंदवायची.

इतके जीव घेऊन मिळवलेली साक्ष निदान वाचली जावी, एवढी अपेक्षा रास्तच आहे. डीबीसीपी नावाच्या सूत्रकृमिनाशकाच्या बाबतीत तीही पुरी झाली नाही. त्याने उंदरांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ मध्येच छापून आलं होतं, तेही ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या संशोधनातून. तरी उत्पादन चालू राहिलं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यातल्या कामगारांच्या आपसांतल्या बोलण्यात आलं की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाही. तपासणी झाली, अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू फार कमी होते, काहींच्या तर नव्हतेच. मला हा प्रसंग थॅलिडोमाइडपेक्षाही जास्त बोचतो. तिथे गाभण प्राण्याला आधी विचारलंच गेलं नव्हतं. इथे उत्तर सोळा वर्षं कपाटात पडून होतं. १९७९ मध्ये अमेरिकेने हवाईतले अननसाचे मळे वगळून डीबीसीपीचा वापर थांबवला. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांमध्ये तेच वापरणारे मजूर पुढे कित्येक वर्षं न्यायालयांचे उंबरठे झिजवत राहिले.