डोळे मिटले म्हणजे झोप लागली का?



घरचं माणूस आयसीयूत असलं की बाहेर बाकावर बसलेली बाई दर वेळी विचारते, “झोप लागली का हो त्यांना?” आतून उत्तर येतं, “हो, झोपलेत.” हे उत्तर कितपत खरं, याचाही एक इतिहास आहे.

१८६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी शुश्रूषेवर पुस्तक काढलं. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची सेवा करून आलेल्या या बाई. पुस्तक मात्र घरात आजाऱ्याचं करणाऱ्या साध्या बायांसाठी लिहिलेलं. त्यात एक अख्खं प्रकरण आवाजावर आहे! दाराबाहेरची कुजबुज, झग्यांची सळसळ, यांवर बाई चांगल्याच तापल्यात. पहिल्या झोपेतून रोग्याला उठवू नका, हे त्यांनी बजावून सांगितलंय.

आयसीयू आलं ते त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडले. डॉक्टर ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून रोग्यांच्या गळ्यातून नळी घातली, आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनं रात्रंदिवस हातानं रबरी फुगा दाबत बसले. त्यातूनच पुढच्या वर्षी चोवीस तास लक्ष ठेवणारा वेगळा विभाग निघाला. जीव वाचू लागले. पण सारखी तपासणी, सुई, दिवे, यंत्रांची पीं-पीं झोपेच्या मुळावर आली.

मग झोप मोजायची कशी? हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद जगापुढे ठेवली होती. पुढे डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा चिकटवून झोप मोजता येऊ लागली. १९८५ साली स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या नऊ रोग्यांना आयसीयूत अशा तारा लावल्या. रोगी किती झोपले याचा तिथल्या कर्मचाऱ्यांचा अंदाजही घेतला. अंदाजात झोप भरपूर, तारांवर अगदी थोडी. वरवरची डुलकी सोडली, तर पहिल्या दोन रात्री मिळून सरासरी दोन तासही नाही. यात नर्सताईंना बोल लावू नये. मिटलेल्या डोळ्यांमागचं कुणाला दिसणार?

तारांचंही सगळं सोपं नाही. गुंगीच्या औषधांनी आणि आजारानं लहरीच बदलतात, मग वाचणाराही गोंधळतो. त्यामुळे अमेरिकेत एक साधीच पद्धत पुढे आली. रोग्यापुढे पाच रेघा ठेवायच्या. झोप गाढ होती का, लवकर लागली का, कितीदा मोडली, मोडल्यावर पुन्हा लागली का, एकूण कशी होती? रेघेवर खूण रोग्यानंच करायची. २०१८ साली तिथल्या अतिदक्षता तज्ज्ञांनीही सल्ला दिला की सरसकट तारा नकोत. रात्री दिवे आणि आवाज कमी करा, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी द्या.

आपलं माणूस आत असेल तर हे नर्सताईंना जरूर विचारा. ते एरवी किती वाजता झोपतात, चष्मा किंवा कानाचं यंत्र लागतं का, हेही सांगून ठेवा. तिथं कधी रोगी भलतंच बरळतो, घरच्यांना ओळखत नाही, नळ्या ओढतो. त्याला बाहेरची बाधा समजून अंगारा आणायला धावू नका. आजार, औषधं आणि मोडलेली झोप, सगळंच त्यात असू शकतं. डॉक्टरांना लगेच सांगा, आणि भेटीच्या वेळी त्यांचा हात धरून आज वार कोणता, आपण कुठं आहोत, घरी कोण कोण वाट बघतंय, ते हळू आवाजात सांगत राहा.