आरएसए (कूटप्रणाली)

आरएसए ही संदेशांच्या कूटलेखनासाठी आणि डिजिटल स्वाक्षरीसाठी वापरली जाणारी सार्वजनिक किल्लीची कूटप्रणाली आहे. रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी १९७७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे ती तयार केली. तिघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे असते, परंतु केवळ गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अत्यंत कठीण असते. या विषमतेवर आरएसएची सुरक्षितता आधारलेली आहे. तिचे गणित थोडक्यात मांडता येत असल्यामुळे कूटशास्त्र व माहिती सुरक्षेच्या प्राथमिक विद्यापीठीय अभ्यासक्रमांत तिला ठळक स्थान असते. तथापि पाठ्यपुस्तकातील आरएसए आणि प्रत्यक्ष वापरातील आरएसए यांत महत्त्वाचा फरक आहे.

पार्श्वभूमी

पारंपरिक कूटलेखनात संदेश पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. ती आधीच सुरक्षितपणे पोहोचवावी लागते. शिवाय एक हजार व्यक्तींना परस्परांशी स्वतंत्रपणे गुप्त पत्रव्यवहार करायचा असल्यास ४,९९,५०० किल्ल्या लागतात. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावर नवा विचार मांडला. प्रत्येक व्यक्तीकडे किल्ल्यांची जोडी असावी. त्यांपैकी सार्वजनिक किल्ली सर्वांना जाहीर करावी आणि खासगी किल्ली स्वतःजवळच ठेवावी, अशी ही कल्पना होती. मात्र असे कूटलेखन प्रत्यक्षात आणणारे गणिती सूत्र त्यांच्याकडे नव्हते. ते आरएसएने पुरवले.

ऑगस्ट १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरातून या पद्धतीची ओळख करून दिली. मूळ शोधनिबंध फेब्रुवारी १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेतील गणितज्ञ क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्येच अशी पद्धत शोधली होती, परंतु हे काम १९९७ पर्यंत गुप्त ठेवण्यात आले. एमआयटीला १९८३ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटची मुदत सप्टेंबर २००० मध्ये संपली. तिन्ही संशोधकांना २००२ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

कार्यपद्धती

किल्ल्यांची जोडी पुढीलप्रमाणे तयार केली जाते:

१. अ आणि ब या दोन भिन्न मूळ संख्या यादृच्छिकपणे निवडल्या जातात.
२. त्यांचा गुणाकार न काढला जातो (न = अ × ब).
३. (अ − १) × (ब − १) ही संख्या काढली जाते. तिला म म्हणू.
४. म शी सहमूळ असलेली स ही संख्या निवडली जाते.
५. स × ख या गुणाकाराला म ने भागल्यास बाकी १ उरेल अशी ख ही संख्या शोधली जाते.

न आणि स मिळून सार्वजनिक किल्ली होते. ख ही खासगी किल्ली होय. संदेश न पेक्षा लहान अशा संख्येच्या रूपात मांडतात. त्या संख्येचा स वा घात काढून त्याला न ने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे कूटसंदेश. कूटसंदेशाचा ख वा घात काढून न ने भागल्यास बाकीच्या रूपाने मूळ संदेश परत मिळतो. असे का घडते, याचे स्पष्टीकरण ऑयलरच्या प्रमेयातून मिळते.

पाचव्या पायरीत एक अनिश्चित समीकरण सोडवावे लागते. त्यासाठी युक्लिडच्या रीतीचा विस्तार वापरतात. याच स्वरूपाची समीकरणे सोडवण्याची रीत आर्यभटाच्या 'आर्यभटीय' या ग्रंथात आढळते. पुढे ती 'कुट्टक' या नावाने प्रसिद्ध झाली.

उदाहरण

अ = ५ आणि ब = ११ घेतल्यास न = ५५ आणि म = ४ × १० = ४० मिळते. स = ३ निवडल्यास ख = २७ येते, कारण ३ × २७ = ८१ आणि ८१ ला ४० ने भागल्यास बाकी १ उरते.

समजा संदेश ८ आहे. ८ चा घन ५१२ असून त्याला ५५ ने भागल्यास बाकी १७ उरते. हा कूटसंदेश झाला. उकल करताना १७ चा २७ वा घात लागतो, परंतु ती प्रचंड संख्या लिहून काढावी लागत नाही. पुनःपुन्हा वर्ग करून प्रत्येक वेळी ५५ ने भागल्यास १७ च्या २ ऱ्या, ४ थ्या, ८ व्या आणि १६ व्या घातांसाठी अनुक्रमे १४, ३१, २६ आणि १६ या बाक्या मिळतात. २७ = १६ + ८ + २ + १ असल्याने १६ × २६ × १४ × १७ या गुणाकाराला ५५ ने भागले की बाकी ८, म्हणजे मूळ संदेश, मिळतो.

सुरक्षिततेचा आधार

वरील उदाहरणात ५५ चे अवयव पाडून ४० ही संख्या आणि तीवरून २७ ही खासगी किल्ली कोणालाही काढता येते. प्रत्यक्षात न ही संख्या सामान्यतः किमान २०४८ बिटांची, म्हणजे ६०० हून अधिक अंकांची असते. इतक्या मोठ्या संख्येचे अवयव व्यवहार्य वेळेत पाडण्याची रीत आजच्या संगणकांसाठी ज्ञात नाही. मात्र अशी रीत अस्तित्वातच नाही, हे सिद्ध झालेले नाही.

एखादी संख्या मूळ आहे का, हे तपासणे तुलनेने सोपे आहे. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्यासाठीची जलद व निश्चित रीत सिद्ध केली. परंतु संख्या मूळ नाही हे कळल्याने तिचे अवयव कळत नाहीत.

गार्डनर यांच्या लेखात १२९ अंकी संख्येवर आधारित आव्हान देण्यात आले होते. हे कूट फोडण्यास लक्षावधी वर्षे लागतील, असे लेखाच्या शीर्षकात म्हटले होते. १९९४ मध्ये इंटरनेटद्वारे जोडलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांच्या मदतीने त्या संख्येचे अवयव पाडले गेले. २०२० मध्ये आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचेही अवयव सापडले. यामुळे वापरातील किल्ल्यांची लांबी वेळोवेळी वाढवावी लागली आहे.

वापरातील त्रुटी

आरएसएवरील अनेक यशस्वी हल्ले अवयव पाडण्याच्या सामर्थ्यावर नव्हे, तर वापरातील चुकांवर आधारलेले आहेत.

निश्चित फलित: मूळ स्वरूपातील आरएसएमध्ये एकाच संदेशाचा कूटसंदेश नेहमी सारखाच येतो. संदेश केवळ 'होय' किंवा 'नाही' असू शकत असेल, तर हल्लेखोर दोन्ही शब्द सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध करून ताडून पाहू शकतो. म्हणून संदेशात आधी यादृच्छिक भर घालणे आवश्यक असते. ही भर घालण्याची रीतही सदोष असू शकते. डॅनियल ब्लायकनबाकर यांनी १९९८ मध्ये तत्कालीन प्रचलित रीतीवरील हल्ला दाखवून दिला.

सामाईक मूळ संख्या: दोन किल्ल्यांत एक मूळ संख्या समान असल्यास दोन्ही फुटतात. ५५ आणि ६५ यांचा मसावि ५ आहे हे कळताच दोहोंचे अवयव उघड होतात. मसावि काढणे मोठ्या संख्यांसाठीही सोपे असते. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरील लक्षावधी किल्ल्या तपासल्या, तेव्हा यादृच्छिकतेच्या अभावामुळे हजारो किल्ल्यांत हा दोष आढळला.

सदोष निर्मिती: काही चिपांमध्ये मूळ संख्या निवडण्याची पद्धत सदोष असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. त्यामुळे एस्टोनियाला सात लाखांहून अधिक राष्ट्रीय ओळखपत्रांवरील प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली.

उपयोग

आरएसए संथ असल्याने संपूर्ण मजकूर तिने कूटबद्ध करत नाहीत. तिच्या साहाय्याने लहान गुप्त किल्ली पाठवतात आणि मजकुरासाठी जलद अशी पारंपरिक पद्धत वापरतात. मात्र खासगी किल्ली पुढे कधी उघड झाली तर साठवून ठेवलेले जुने संवादही वाचता येतात. या कारणाने संकेतस्थळांशी होणारा संवाद सुरक्षित करणाऱ्या टीएलएस नियमावलीच्या २०१८ मधील १.३ आवृत्तीत आरएसएने किल्ली पाठवण्याची सोय वगळण्यात आली; स्वाक्षरीसाठी तिचा वापर कायम आहे.

डिजिटल स्वाक्षरीत खासगी किल्लीने दस्तऐवजाच्या गणिती सारांशावर स्वाक्षरी केली जाते आणि सार्वजनिक किल्लीने कोणीही ती पडताळू शकतो. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये किल्ल्यांच्या जोडीवर आधारित डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. महाराष्ट्रात ऑनलाइन मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा हे अशा स्वाक्षरीच्या वापराचे परिचित उदाहरण आहे.

क्वांटम संगणक आणि भवितव्य

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्यांचे अवयव वेगाने पाडणारी क्वांटम संगणकासाठीची रीत मांडली. पुरेसा मोठा व विश्वसनीय क्वांटम संगणक तयार झाल्यास आरएसए असुरक्षित ठरेल. तेव्हा किल्लीची लांबी वाढवणे हा व्यवहार्य उपाय राहणार नाही. आज साठवलेले कूटसंदेश भविष्यात उकलले जाण्याचा धोका असल्याने दीर्घकाळ गुप्त ठेवायच्या माहितीसाठी हा प्रश्न आताच महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम हल्ल्यांना तोंड देऊ शकतील अशी तीन मानके जाहीर केली. त्यांपैकी एक किल्लीच्या देवाणघेवाणीसाठी आणि दोन डिजिटल स्वाक्षरीसाठी आहेत.