लोगोचे कासव

लहान मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी वापरले जाणारे साधन. दिलेल्या आज्ञेप्रमाणे ते फिरते आणि आपल्या मागे रेघ सोडते. आरंभी ते जमिनीवर चालणारे यंत्र होते. पुढे संगणकाच्या पडद्यावरची छोटी त्रिकोणी खूण झाले.

‘लोगो’ ही भाषा १९६७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत तयार झाली. वॉली फॉयरझाइग, सिमॉर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन हे तिचे प्रमुख कर्ते. आरंभीच्या लोगोत कासव नव्हते, मुले शब्द आणि वाक्ये जुळवत. कासव १९७० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटी) आले. त्याचे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांच्या १९४० च्या दशकाअखेरीच्या यांत्रिक कासवांवरून पडले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ पॅपर्ट लोगोच्या आधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ प्याजे यांच्याबरोबर काम करत होते. मूल स्वतः काहीतरी घडवताना शिकते, ही त्यांची धारणा तिथेच पक्की झाली.

कासवाची खरी करामत त्रिकोणात दिसते. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ हे चारदा सांगितले की चौरस होतो. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल त्याच हिशेबाने ‘उजवीकडे ६०’ तीनदा सांगते आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो. कारण कासव आकृतीच्या आतला कोन मोजत नाही, आपण किती वळलो ते मोजते. इथे १२० अंश वळायला हवे. गाडे अडले की मूल जागेवरून उठून स्वतःच कासवासारखे चालून बघते. बाह्यकोनाची व्याख्या फळ्यावर दहादा लिहूनही हे साधत नाही.

वाचता न येणाऱ्या मुलांसाठी रेडिया पर्लमन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास एमआयटीतच बटणांचे कासव बनवले. ब्रिटिश शाळांतला बी-बॉट हा छोटा यंत्रमानव त्याच वळणाचा: पाठीवरची बटणे दाबायची, एका दाबाला तो १५ सेंटिमीटर सरकतो. स्क्रॅच ही प्रोग्रॅमिंग भाषा (२००७) आणि पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचे स्क्रॅच-ज्युनिअर (२०१४) हेही याच परंपरेतले.

लोगोमुळे मुलांची एकूण विचारशक्तीच वाढते, हा दावा मात्र टिकला नाही. रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांना न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासांत तसा परिणाम आढळला नाही. कासव वर्गात आणून ठेवले म्हणजे आपोआप काही घडते असे नव्हे. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कित्येक शाळांत एमएसडब्ल्यूलोगो ही लोगोची आवृत्ती शिकवली गेली, पण ‘एफडी’ (पुढे) आणि ‘आरटी’ (उजवीकडे) या आज्ञांची पूर्ण रूपे पाठ करून घेण्यावरच भर राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कोडिंग माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, सुचवले आहे. पायथॉन या भाषेच्या मूळ संचात आजही ‘टर्टल’ नावाचा विभाग आहे आणि त्रिकोणासाठी तो १२० अंशच मागतो.